दाजींचं तेल, आनंदरावांचं ग्रीस

“नखावर मावंल एवढंच घालायचं, दाजी. जास्त झालं की बेअरिंग गेलंच म्हणून समजायचं.”

आनंदराव इंगवल्यांनी डबीचं झाकण उघडलं आणि डबी अलगद टेबलावर ठेवली. आत फिकट पिवळं, लोण्यासारखं मऊ ग्रीस होतं. मुंबईच्या एका व्यापाऱ्याच्या मागं लागून लागून त्यांनी ते परदेशातून मागवलं होतं, आणि एस.टी.त सगळा प्रवास मांडीवर धरून कोल्हापूरला आणलं होतं.

रघुनाथराव सरनोबतांनी चष्मा कपाळावर चढवला, डबीत करंगळी बुडवली, वास घेतला आणि करंगळी फडक्याला पुसून टाकली.

“भाकरीवर घ्यायला बरं हाय,” ते म्हणाले.

शेडमधली माणसं हसली. मीही हसले. आनंदराव मात्र हसले नाहीत, आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ‘इंदुमती इंजिनिअरिंग’ नावाची आमची एक पत्र्याची शेड होती. ‘आमची’ म्हणायचा मला खरं तर काही हक्क नाही. मी तिथं पगारावर होते. नलिनी मगदूम, डिप्लोमा झालेली, ड्रॉइंग काढणारी आणि माप तपासणारी. त्या गल्लीत यंत्रावर काम करणारी बाई मी एकटीच होते, त्यामुळं पहिले सहा महिने शेजारच्या फाउंड्रीतली माणसं चहाच्या सुट्टीत मला बघायला येत. मालक दोन. रघुनाथराव, आणि त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ आनंदराव. दोघांची निम्मी-निम्मी भागी, आणि बोर्डावर नाव इंदूआक्कांचं. एकाची बायको, दुसऱ्याची थोरली बहीण. भांडणाला जागाच नको म्हणून ते नाव दिलं होतं म्हणे.

आनंदरावांचे आईवडील लवकर गेले. आक्कांनी त्यांना लग्नात जणू आंदण म्हणूनच सासरी आणलं. रघुनाथरावांनी त्या पोराला लेथवर उभं केलं, हातातलं सगळं शिकवलं, आणि पुढं भागीदार करून घेतलं. आनंदराव त्यांना ‘दाजी’ म्हणत. आमच्याकडं बहिणीच्या नवऱ्याला दाजीच म्हणतात, पण आनंदरावांच्या तोंडी त्या शब्दात बापही होता.

आम्ही स्पिंडल बनवायचो. हातभर लांबीचा, मनगटाएवढा जाड. यंत्राच्या भागांना आतून जे भोक असतं ते घासून आरशासारखं करायला त्याच्या टोकाला इवलासा दगड लावतात आणि तो मिनिटाला चाळीस हजार फेरे घेतो. हा सगळा खेळ आतल्या चार बेअरिंगांवर. एकेक बेअरिंग नाण्याएवढं, आणि त्यातल्या गोळ्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या. एवढ्या वेगाला वंगण हीच मोठी पंचाईत. कमी पडलं तर गोळ्या जळतात. जास्त झालं तर गोळ्यांना फिरायचं सोडून तेच घुसळत बसावं लागतं, आणि त्या मेहनतीनंच त्या तापतात. म्हणजे कमीही नको, जास्तही नको, आणि नेमकं किती ते कुणी छातीठोक सांगत नाही.

रघुनाथराव तेलवाले. त्यांची एक काचेची बाटली भिंतीला टांगलेली असे. तिच्यातून हवेचा झोत जायचा, त्यात अधूनमधून तेलाचा एक थेंब पडायचा, आणि त्या थेंबाचं धुकं होऊन बारीक पाइपातून बेअरिंगला पोचायचं. तिला सगळे ‘धुक्याची बाटली’ म्हणत. आनंदरावांना ती बाटली डोळ्यांसमोर नको होती. बेअरिंग जोडतानाच चांगलं ग्रीस भरून टाकायचं आणि पुढं वर्षभर त्याच्याकडं बघायचं नाही, हे त्यांचं मत.

“आरं, तेल वाहतं,” रघुनाथराव त्या दिवशी म्हणाले. “वाहतं म्हणून उष्णता घिऊन जातं. हे तुझं ग्रीस तिथंच बसणार आणि तिथंच तापणार.”

“आणि बाटली कोण भरणार? गिऱ्हाइकाकडं तीन पाळ्या चालत्यात. एका पाळीचा माणूस विसरला की खेळ खलास.”

“माझ्या शेडमधलं कोण विसरत न्हाई.”

“तुमच्या?” आनंदरावांनी विचारलं.

एवढाच शब्द. रघुनाथराव बोलण्याच्या ओघात बोलून गेले होते. त्यांनी तिथंच जीभ चावली असती तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण त्यांच्या नाकावर माशी बसत नसे, आणि चार माणसांसमोर तर नाहीच.

“व्हय, माझ्या. लेथचा चक आवळायला तुला मी शिकवलं. आता तू मला वंगण शिकवतोस?”

“शिकवलंत, दाजी. म्हणून काय जन्मभर तुमच्याच हातानं आवळायचं?” आनंदरावांनी डबीचं झाकण लावलं, डबी आपल्या ड्रॉवरमध्ये टाकली आणि वळून म्हणाले, “बरं हाय, पार्टनर. तुमची शेड, तुमचं तेल.”

‘पार्टनर’ ऐकल्यावर रघुनाथरावांचा चेहरा असा झाला की लेथवर उभ्या असलेल्या गुंडाप्पानं मशीन बंद केलं. शिवी दिली असती तरी चाललं असतं. तो शब्द कागदावरचा होता, आणि कागदावर ते खरंच पार्टनर होते, म्हणूनच तो लागला.

त्यानंतर दोघांनी अबोला धरला. असा अबोला मी फक्त बायकांमध्ये पाहिला होता. दोन मोठी माणसं एकाच टेबलाला बसायची आणि मध्ये मी.

“मगदूमबाई, सरनोबतांना सांगा, शाफ्ट घासून आलेत.”

सरनोबत हाताच्या अंतरावर.

“बाई, त्यास्नी म्हणावं, मला दिसत्यात. मी आंधळा न्हाई.”

मी दोन्ही निरोप पोचवायची. सुरुवातीला मला गंमत वाटली. मग डोकं उठायला लागलं. एकदा वैतागून मी म्हटलं, “अहो, मला पगार ड्रॉइंगचा मिळतो, निरोपांचा नाही.” दोघंही ओशाळले, आणि दोघांनीही मला वेगवेगळा चहा पाजला.

आक्कांनी आपल्या परीनं उपाय केला. त्या दुपारी एकच डबा पाठवायच्या. वरच्या पुडात भाजी, मधल्या पुडात भाकरी, खालच्या पुडात आमटी, सगळं दोघांचं एकत्र. हेतू उघड होता. पण हे दोघं त्यांना पुरून उरले. एक दिवस रघुनाथराव आधी आपला वाटा घेऊन बाकीचं झाकून ठेवत, दुसऱ्या दिवशी आनंदराव. फक्त एक गोष्ट मी रोज बघायची. पहिल्यानं जेवणारा माणूस आमटीतला चांगला भाग दुसऱ्यासाठी तळाशी ठेवून जायचा. दोघंही रोडावत चालले होते.

अशात पुण्याहून पत्र आलं. तिथल्या एका मोठ्या कारखान्याला असे स्पिंडल हवे होते. तोवर ते बाहेरून मागवत. त्यांचे वैशंपायन नावाचे साहेब येणार, दिवसभर स्पिंडल चालवून बघणार, बेअरिंग तापलं नाही तर काम आपलं. आमच्यासारख्या शेडला असं काम म्हणजे नशीब उघडण्यासारखं होतं. पण त्याच आठवड्यात गुंडाप्पानं मला कोपऱ्यात घेतलं.

“मॅडम, आनंदराव पलीकडच्या गल्लीत शेड बघून आले. एकट्यासाठी.”

वाटणी झाली असती तर लेथ इकडं, ग्राइंडर तिकडं. एकाकडं हात राहिले असते, दुसऱ्याकडं डोकं, आणि स्पिंडल कुणालाच करता आला नसता. आक्कांच्या नावाचा बोर्ड कुणी घ्यायचा हेही भांडण झालं असतं. आणि मी कुठं जायचं? पण खरं सांगायचं तर नोकरीचं मला दुसऱ्या क्रमांकाचं वाटलं. पहिल्यांदा वाटलं ते हे, की या दोघांना एकमेकांशिवाय कसं बघायचं?

रघुनाथरावांच्या कानावर ते गेलंच. ते माझ्या टेबलाशी आले. “बाई, खरं का?”

“काय?”

“शेडचं.”

मी मान खाली घातली. त्यांनी माझ्या ड्रॉइंगवरची पट्टी उगीच सरळ केली आणि निघून गेले. संध्याकाळी आक्का आल्या. आनंदरावांना बाहेर नळाजवळ घेऊन गेल्या. आमच्याकडच्या बायका ‘मी करतो, मी जातो’ असंच बोलतात. आक्कांचा आवाज तर फाउंड्रीपर्यंत पोचायचा, त्यामुळं मला काही चोरून ऐकावं लागलं नाही.

“मी मधी पडत न्हाई, आनंदा. मी फकस्त सांगतो. ते काल म्हणत हुते, समदी मशिनं आनंदाला राहू देत, बोर्डबी त्यालाच राहू दे, मी जुनी लेथ घिऊन घरामागं परड्यात बसतो. जेवलं न्हाईत रातीला.”

आनंदरावांनी नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारत राहिले. ते किती वेळ तोंड धूत होते देव जाणे.

ट्रायलच्या आदल्या दिवशी मी चारही बेअरिंगं धुऊन, कोरडी करून, पांढऱ्या कापडावर मांडून ठेवली. वंगण कुठलं, हे कुणी मला सांगितलं नव्हतं. विचारायची सोय नव्हती. पण रघुनाथराव थोरले, तेव्हा तेलच, असं सगळ्यांनी मनाशी धरलं होतं. आनंदरावांनीही धरलं असावं, कारण त्यांनी दिवसभर त्या टेबलाकडं बघितलंसुद्धा नाही.

“बाई, आज लौकर जा,” रघुनाथराव म्हणाले. “जोडायचं मी बघतो.”

“मी थांबते की.”

“जा म्हणतो न्हवं.”

मी गेले.

सकाळी आले तर सगळं तयार. स्पिंडल चाचणीच्या बाकावर पक्का बसवलेला, पट्टा चढवलेला, भिंतीवरची बाटली काठोकाठ भरलेली आणि तिचा पाइप स्पिंडलला जोडलेला. मला बरं वाटलं. रघुनाथरावांचं काम असंच असायचं, बघितलं की दुसऱ्यांदा तपासावंसं वाटू नये. फक्त रघुनाथरावच नव्हते.

“ते न्हाई यायचे,” गुंडाप्पा म्हणाला. “घरनं सांगून धाडलंय. म्हणाले, आनंदा बघंल.”

“मग आनंदराव कुठं आहेत?”

“ते उजाडायच्या आत येऊन गेले. वॉचमनला सांगून गेले, ज्यांचं तेल हाय ते बघत्याल.”

मी कपाळाला हात लावला. एवढं मोठं गिऱ्हाईक दारात, आणि दोन्ही मालक एकमेकांवर ढकलून फरार. त्या क्षणी मला दोघांचाही असा राग आला की म्हटलं होऊन जाऊ दे वाटणी, सुटू एकदाचे.

वैशंपायन साहेब वेळेवर आले. उंच, किडकिडीत, बोलण्यात पुण्याची धार. त्यांनी शेडभर नजर फिरवली. “मालक?”

“येतीलच,” मी म्हटलं. “तोवर मी सुरू करते.”

“तुम्ही?”

“हो. ड्रॉइंग माझंच आहे.”

त्यांनी भुवया वर केल्या, पण स्टुलावर बसले. मी हवा सोडली, बाटलीत थेंब पडतोय ना ते पाहिलं, आणि मोटर चालू केली. हळूहळू वेग चढवला. स्पिंडल आधी गुणगुणला, मग त्याचा आवाज बारीक, लांब, एकसंध झाला. चांगला स्पिंडल गातो, असं रघुनाथराव म्हणत. तो गायला लागला. गुंडाप्पा लेथ सोडून आला, वेल्डर आला, शेजारच्या फाउंड्रीतली दोन माणसं दारात येऊन उभी राहिली. वैशंपायन साहेबांनी मान डोलावली, आणि अभिमानानं माझं ऊर भरून आलं.

मग आवाज बदलला.

आधी मला वाटलं, मनाचे खेळ. आवाजात थोडी खरखर आली होती. बेअरिंगच्या जागेवर थर्मामीटर लावला होता, त्याचा पारा एव्हाना एका जागी थांबायला हवा होता. तो चढत होता. मी तेलाचा थेंब कमी केला, तरी पारा चढतच राहिला. स्पिंडलच्या तोंडाशी पिवळसर फेस दिसायला लागला. तेलाला असा फेस मी कधी बघितला नव्हता.

“बाई, बंद करा,” वैशंपायन साहेब शांतपणे म्हणाले.

मी आधीच बटण दाबलं होतं.

स्पिंडल थांबायला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात माझ्या डोळ्यांसमोरून पुण्याचं काम, बोर्ड, लेथ, ग्राइंडर सगळं एकेक करून निघून गेलं. मी गुंडाप्पाला म्हटलं, “दोघांना घेऊन ये. असतील तिथून. पायात चपला नसल्या तरी चालतील.” आणि पाना घेऊन मी तिथंच, साहेबांसमोर, स्पिंडल उघडायला बसले.

पुढचं झाकण निघालं आणि मी बघतच राहिले. आत ग्रीस होतं. आनंदरावांचं फिकट पिवळं ग्रीस. ते तेलात पार घुसळून पातळ झालं होतं, आणि ज्वारीच्या दाण्याएवढ्या त्या गोळ्या त्या काल्यात बुडालेल्या होत्या. ग्रीस एकटं असतं तर चाललं असतं. तेल एकटं असतं तर चाललं असतं. दोन्ही एकत्र झाल्यावर ते कुठल्याही बेअरिंगला सोसणारं नव्हतं.

वैशंपायन साहेब वाकून बघत होते. “ग्रीस भरलेल्या स्पिंडलला तुम्ही तेल सोडलंत?”

“मला माहीत नव्हतं, साहेब. आमचा हा तेलाचा स्पिंडल.”

“मग ग्रीस कुणी भरलं? कुणाला ही ट्रायल फसायला हवी होती?”

त्या शेडमध्ये ग्रीसवाला माणूस एकच होता, हे वेल्डरलाही ठाऊक होतं आणि फाउंड्रीवाल्यांनाही. भांडण समजू शकतं, वाटणीही समजू शकते. पण आपल्याच हातच्या कामात असं काही कालवणं, ते माझ्यानं समजून घेववेना.

दोघं जवळजवळ एकाच वेळी आले. रघुनाथराव पुढच्या दारानं, अंगात घरचा सदरा. आनंदराव मागच्या दारानं, फाउंड्रीच्या आडोशाला बसले होते म्हणे, कपड्यांवर काळी माती. मी बेअरिंग पांढऱ्या कागदावर ठेवलं आणि कागद टेबलाच्या मधोमध सरकवला.

“हे ग्रीस कुणी भरलं?”

सगळ्यांच्या नजरा आनंदरावांकडं गेल्या. त्यांनी कागदाकडं बघितलं, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

“मी न्हाई. आक्काची शप्पत, मी हातबी लावला न्हाई.”

“मी भरलं,” रघुनाथराव म्हणाले.

त्यांनी आनंदरावांच्या ड्रॉवरकडं बोट दाखवलं.

“त्याच्या ड्रॉवरमधनं डबी काढली. चोरून. नखावर मावंल एवढंच घातलं, त्यानं सांगितल्यागत. झाकण आवळलं आणि घरला गेलो.”

“तुम्ही?” मी म्हटलं. “अहो, मग तेलाचा पाइप कशाला जोडलात?”

“कसला पाइप? मी कुठं जोडला?”

“पाइप मी जोडला, दाजी,” आनंदराव म्हणाले.

तो शब्द किती दिवसांनी ऐकला होता मी. रघुनाथरावांनी मेव्हण्याकडं बघितलं आणि बघतच राहिले.

“सकाळी येऊन बघितलं,” आनंदराव खाली बघून बोलत होते. “तुम्ही सगळं जोडून, बंद करून ठिवलं हुतं. मला वाटलं, तेलासाठीच कोरडं जोडलंय, तेवढा पाइप ऱ्हायलाय. म्हटलं निदान एवढं तरी आपल्या हातानं करावं. बाटली भरली. थेंब लावून दिला. तुमचंच तेल चालू द्या म्हटलं.”

“आणि मग पळून का गेलात दोघंही?” वैशंपायन साहेबांनी विचारलं. मघाची धार आवाजातून कुठं गेली होती कुणास ठाऊक.

रघुनाथरावांनी चष्मा काढला. “साहेब, ग्रीस त्याचं. चाललं तर शाबासकीबी त्यालाच मिळाय पायजे. मी हितं हुबा ऱ्हायलो की समदी माझ्याकडंच बघत्यात. थोरला म्हणून.” सदऱ्याच्या टोकानं ते चष्म्याच्या काचा पुसत राहिले, पण पुसायची गरज काचांना नव्हती. “त्याला वाटलं असतं, दाजीनं आपलं कवाच ऐकलं न्हाई.”

आनंदराव पुढं आले, कागदावरचं बेअरिंग उचललं आणि भिंग डोळ्याला लावलं. रघुनाथराव सवयीनं शेजारी वाकले. त्या इवल्याशा बेअरिंगवर दोन डोकी एकमेकांना टेकली.

“पार लोणी निघालं की रं,” रघुनाथराव म्हणाले.

“भाकरीवर घ्यायचं का, दाजी?”

आधी गुंडाप्पा हसला. मग वैशंपायन साहेब हसायला लागले ते स्टुलावर मागं रेलले, पडता पडता राहिले. मला हसता येईना. मी उठून ड्रॉइंगच्या कपाटामागं गेले आणि मनसोक्त रडून घेतलं. तेव्हा मला फार लाज वाटली होती. आज वाटत नाही.

बाहेर आले तर साहेब घड्याळ बघत होते. “मी उद्यापर्यंत आहे कोल्हापुरात. उद्या सकाळी पुन्हा चालवा. पण कृपा करून दोघांनी मिळून एकच काहीतरी घाला.”

“ग्रीस,” रघुनाथराव तात्काळ म्हणाले.

“न्हाई, दाजी. तेल.”

“ग्रीस म्हणतो न्हवं मी!”

“तुमचं सगळं आयुष्य तेलावर गेलं आणि आता माझ्यापायी सोडता व्हय? चालणार न्हाई. तेलच.”

“मला शिकवतोस?”

“शिकवतो!”

बघता बघता दोघांचे आवाज चढले. महिनाभर तोंडाला कुलूप लावलेली माणसं ती, आता सगळं साठलेलं एकदम बाहेर पडलं. रघुनाथराव टेबलावर हात आपटून ग्रीसची बाजू मांडत होते, आणि आनंदराव ज्या बाटलीकडं बघत नसत तिचे गुण गात होते. आणि दोघांचे मुद्दे दुसऱ्याकडूनच ऐकून पाठ झालेले. त्यात आक्का डबा घेऊन दारात आल्या. आज त्या स्वतः आल्या होत्या. मला वाटलं घाबरतील. त्यांनी क्षणभर ऐकलं आणि डबा माझ्या हातात दिला.

“भांडालेत न्हवं?” त्या म्हणाल्या. “मग बरं हाय. मी ताटं घेतो.”

शेवटी वैशंपायन साहेबांनीच तोड काढली. “ड्रॉइंग या बाईंचं. ट्रायल यांनीच चालवली. यांनाच ठरवू द्या.”

दोघं एकदम माझ्याकडं वळले. दोघांच्याही डोळ्यांत एकच विनवणी होती. फरक एवढाच, की प्रत्येक जण दुसऱ्यासाठी मागत होता.

मी त्यांच्याकडं बघितलंच नाही. बघितलं असतं तर मला ठरवता आलं नसतं. मी साहेबांना विचारलं, “तुमच्या कारखान्यात हवेची लाइन कशी आहे? कोरडी असते?”

“कोरडी?” ते हसले. “पावसाळ्यात नळ सोडल्यासारखं पाणी येतं तिच्यातून.”

“आणि बाटली कोण भरेल?”

“तीन पाळ्यांतले कामगार. कधी भरतील, कधी नाही.”

“मग ग्रीस,” मी म्हटलं. “तेल कितीही चांगलं असलं, तरी त्याच्यासोबत पाणी गेलं तर बेअरिंग गंजेल. स्पिंडल जिथं चालायचा तिथलं बघून वंगण ठरवायचं. आपल्यात कुणाचं काय, ते नाही बघायचं.”

रघुनाथरावांचा चेहरा असा खुलला की जणू आयुष्यभर ते ग्रीससाठीच भांडत आले होते. त्यांनी आनंदरावांच्या पाठीवर थाप मारली, आणि सगळे आक्कांनी वाढलेल्या ताटांकडं वळले. दुसऱ्या दिवशी स्पिंडल दिवसभर चालला. पारा एका जागी येऊन थांबला तो हललाच नाही. दोघं मालक संध्याकाळपर्यंत बाकाच्या दोन बाजूंना उभे होते, आणि कुणी ‘हे काम कुणाचं?’ विचारलं की एकमेकांकडं बोट दाखवत होते. साहेबांनी जाताना काम दिलं. पलीकडच्या गल्लीतली शेड कुणा दुसऱ्यानंच घेतली.

तीन वर्षांनी लग्न होऊन मी नाशिकला गेले. पुढं मोठ्या कारखान्यांत काम केलं, मोठमोठ्या बैठकांना बसले. वंगणावरून, मापावरून, पैशावरून, खुर्चीवरून भांडणारी पुष्कळ माणसं पाहिली. रघुनाथराव गेले, त्यांच्यामागून दोन वर्षांनी आनंदरावही गेले. दोन्ही वेळा मला आक्कांचाच फोन आला. त्या शेडमध्ये आता मोटारसायकलींचं गॅरेज आहे म्हणतात. मी बघायला गेले नाही.

पण त्या ट्रायलनंतरचे चार दिवस मला अजून आठवतात. आनंदराव माझ्याशी बोलत नव्हते. ड्रॉइंग टेबलावर ठेवायचे आणि जायचे. पाचव्या दिवशी मी त्यांना अडवलं.

“आनंदराव, माझं काय चुकलं? तुमचंच ग्रीस निवडलं ना मी?”

“तेच की,” ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. “मला त्या दिवशी हरायचं हुतं, बाई. एकदा तरी दाजींसाठी हरायचं हुतं. तुम्ही हरू दिलं न्हाईत.”

जिंकवलं म्हणून माझ्यावर रुसलेला असा दुसरा माणूस मला त्यानंतर भेटला नाही.